कावेरीकाठच्या मराठी नावांचा प्रश्न

तंजावरविषयी एखादा इतिहासलेख द्यावा असे स्मरणिकेचे संपादक सुचवितात, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा सरस्वती महाल ग्रंथालय असते, नाहीतर दुसऱ्या सरफोजी राजांनी इ. स. १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरविलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख असतो. दोन्ही विषय गौरवाचे आहेत. परंतु मंडळाच्या पन्नास वर्षांत त्यांवर पुष्कळ बोलून झाले आहे आणि आमच्या वाचकांस ते जवळजवळ मुखोद्गत आहेत. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आम्ही येथे घेतलेला विषय त्याहून लहान आणि थोडासा गैरसोयीचा आहे. तो आहे रस्त्यांच्या नावांचा.

निमित्त ताजे आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये तमिळनाडू शासनाने आदेश काढला की, खेडी, वस्त्या, रस्ते आणि जलाशय यांच्या नावांत जेथे जेथे जातिवाचक शब्द आहेत, ते शोधून काढावेत, लोकांचे मत घ्यावे आणि नवी नावे द्यावीत. त्याच आठवड्यात कोइम्बतूर येथे सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या नव्या उड्डाणपुलाचे उद्घाटन झाले आणि त्यास जी. डी. नायडू या विख्यात संशोधक-उद्योजकाचे नाव देण्यात आले. 'नायडू' ही जात की नाव, असा प्रश्न लगेच उभा राहिला. टीकाकारांस आयते उदाहरण मिळाले, समर्थकांस खुलासे करावे लागले. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने त्याच महिन्यात अंतरिम निर्देश दिला, तो असा की, नावे शोधण्याचे काम चालू ठेवावे, परंतु तूर्त अंतिम पाऊल उचलू नये.

ह्या वादाचा आपल्याशी काय संबंध, असे महाराष्ट्रातून अलीकडे येथे आलेल्या कुटुंबांस वाटणे स्वाभाविक आहे. पण ज्यांची घरे साडेतीनशे वर्षांपासून कावेरीच्या खोऱ्यात आहेत, त्यांच्या बैठकीत दुसराच प्रश्न निघाला : आता आपल्या रावांचे काय होणार? तो प्रश्न कानी पडल्यावर आम्ही कुंभकोणम् आणि तेथून आठ-नऊ किलोमीटरवरील तिरुविडैमरुदूर ह्या परिसरातील नावे पुन्हा एकदा नीट न्याहाळली. जे दिसले त्याने आमचा आरंभीचा अभिनिवेश बराच ओसरला, हे प्रथमच कबूल केलेले बरे.

तमिळ देशात जात पुसण्याची ही चळवळ एकाएकी उपटलेली नाही. फेब्रुवारी १९२९ मध्ये चेंगलपट्टू येथे भरलेल्या स्वाभिमान परिषदेत नावापुढील जातिदर्शक पदव्या टाकून द्याव्यात असा ठराव झाला. पेरियार रामसामी यांनी आपले 'नायकर' टाकले, आणि पुढे दोन पिढ्यांत बहुसंख्य तमिळ माणसांनी आडनाव ही वस्तूच सोडून दिली. आज शाळेच्या पटावर मुलाच्या नावाआधी बापाच्या नावाचे आद्याक्षर असते, बस्स. पेरियारांच्या जन्मशताब्दीच्या काळात, १९७८ साली, एम. जी. रामचंद्रन यांच्या शासनाने हाच न्याय रस्त्यांच्या पाट्यांस लावला. मद्रासमध्ये सी. पी. रामस्वामी अय्यर रोडवरील 'अय्यर' गेले, जी. एन. चेट्टी रोडवरील 'चेट्टी' पाटीवरून उतरले. लोकांच्या तोंडी मात्र 'चेट्टी' अजून आहे.

येथे एक योगायोग ध्यानात घेण्यासारखा आहे. त्याच १९७८ साली, २७ जुलै रोजी, महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. दलितांची घरे जाळली गेली, पोचीराम कांबळे यांच्यासारखी माणसे मारली गेली. नाव प्रत्यक्षात लागले ते १४ जानेवारी १९९४ रोजी, म्हणजे साडेपंधरा वर्षांनी, आणि तेही 'मराठवाडा' हा शब्द पुढे कायम ठेवून. तमिळ लोक पाट्यांवरून एवढा गदारोळ का करतात, असे आमच्यापैकी कोणी विचारले की, आम्हांस हे वर्ष आठवते.

तमिळनाडूतही रक्त सांडलेच. १९९७ साली विरुदुनगर येथील नव्या शासकीय वाहतूक महामंडळास वीरन सुंदरलिंगम् या दलित वीराचे नाव देण्याचे ठरले. त्या नावाच्या बसमध्ये आम्ही बसणार नाही, असे काही जातींनी म्हटले आणि दंगली उसळल्या. अखेर शासनाने राज्यातील सर्वच वाहतूक महामंडळांची आणि जिल्ह्यांची व्यक्तिनामे एकजात काढून टाकली. त्या लाटेत आपल्या कुंभकोणम्‌चे 'चोळन्' वाहतूक महामंडळही नामशेष झाले. १९७२ पासून त्या नावाच्या बसगाड्या खेड्यापाड्यांतून धावत होत्या. पुढे पाटीवर नुसते तमिळनाडू राज्य परिवहन राहिले. चोळ राजांनी कोणाचे काय बिघडविले होते, असे आम्ही त्या वेळी म्हटले होते खरे. परंतु एकाचे ठेवून दुसऱ्याचे काढणे हाच जेथे भांडणाचा विषय, तेथे सरसकट काढण्यावाचून शासनास तरी कोणता मार्ग होता?

आता आपल्या घरच्या नावांकडे वळू.

कुंभकोणम् शहरात डबीर वीथी आहे. तिच्या उत्तर-दक्षिण अशा फांद्याही आहेत. तमिळ उच्चारात त्या शब्दाचा अर्थ काही लागत नाही, आणि कित्येक रहिवासी ते कोणा माणसाचे नाव असावे असे समजून चालतात. मराठी वाचकास मात्र तो शब्द तत्काळ ओळखू येतो. डबीर म्हणजे परराष्ट्रव्यवहार पाहणारा मंत्री. शब्द फारसी आहे. शिवछत्रपतींनी १६७४ साली राज्याभिषेक करविला तेव्हा दरबारातील फारसी पदनामे बदलून संस्कृत नावे रूढ केली : पेशवा मुख्यप्रधान झाला, मुजुमदार अमात्य झाला, सुरनीस सचिव झाला आणि डबीर सुमंत झाला. ह्याच उद्योगाचा भाग म्हणून राजव्यवहारकोश तयार झाला. त्याचे कर्तृत्व रघुनाथपंत हणमंते यांच्याकडे दिले जाते. हे रघुनाथपंत म्हणजे तंजावरच्या एकोजी राजांचे कारभारी. धन्याशी न पटल्याने ते निघाले आणि शिवछत्रपतींकडे गेले. नामांतराच्या इतिहासातील मराठी भाषेचा हा पहिला मोठा प्रयोग, आणि त्याचा एक कर्ता तंजावरच्या दरबारातून गेलेला. तरीही रायगडावर मोडीत निघालेला 'डबीर' कुंभकोणम्‌च्या गल्लीत आजही टिकून आहे. ज्या राज्याने तो शब्द येथे आणला ते राज्य १८५५ साली खालसा झाले. शब्द मात्र पोस्टमनच्या पिशवीत राहिला.

डबीर हे पद आहे, जात नव्हे. त्यास हात लागू नये असे म्हणण्यास आपणांस पूर्ण आधार आहे. 'राव' याविषयी तसे ठामपणे सांगता येत नाही. राव म्हणजे राजा. मराठीत तो आदरार्थी प्रत्यय आहे, मराठा सरदारास लागतो तसाच ब्राह्मण कारकुनासही लागतो आणि महाराष्ट्रात तर तो कोणत्याही जातीच्या माणसास लागतो. इकडे दक्षिणेत मात्र 'राव' म्हटले की, मराठी-कानडी बोलणारा ब्राह्मण डोळ्यांसमोर येतो. शब्दाचा कोशातील अर्थ एक आणि गल्लीतील अर्थ दुसरा असेल, तर पाटीवर कोणता धरावा? ह्या प्रश्नास आमच्याजवळ तयार उत्तर नाही. कुंभकोणम्‌मध्येच रेड्डीरायर कुळम् म्हणून एक तळे आहे. रेड्डी हा शब्द आंध्रात जातीचा, आणि रायर हे राय-रावांच्याच कुळातील आदरार्थी रूप. नियमाचा बोळा दोन्हींवरून फिरविला तर मागे उरेल ते नुसते तळे!

विनोद बाजूस ठेवून पाहिले, तर नाव आणि उपपद यांची ताटातूट किती नाजूक आहे हे कुंभकोणम्‌च्याच एका सुपुत्रावरून कळते. सर टी. माधवराव यांचा जन्म येथे १८२८ साली झाला. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचे ते दिवाण झाले. बडोद्यास सयाजीराव महाराज अल्पवयीन असता राज्याची घडी त्यांनीच बसविली. त्यांतून 'राव' काढले तर उरलेला 'माधव' कोणाचा कोण, हे सांगण्यास पुन्हा दुसरी पाटी लागेल. तिरुवनंतपुरम् येथे सचिवालयासमोर त्यांचा पुतळा उभा आहे आणि त्या चौकास सारे शहर 'स्टॅच्यू' म्हणते. रिक्षावाल्यास नुसते 'स्टॅच्यू' म्हटले की पुरे. पुतळा कोणाचा, हे मात्र त्यास सांगता येईलच असे नाही. नाव न पुसताही ते कसे विसरले जाते, याचे हे उदाहरण आम्ही तेथे जाणाऱ्या प्रत्येक स्नेह्यास आवर्जून सांगतो.

पुस्तकांचीही गोष्ट अशीच. तमिळ भाषेचे प्राचीन ग्रंथ ताडपत्रांतून वर काढणारे उ. वे. स्वामिनाथय्यर १८८० ते १९०३ पर्यंत कुंभकोणम्‌च्या सरकारी महाविद्यालयात शिकवीत होते. २०२१ साली शालेय पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव 'स्वामिनाथर' असे छापले गेले, तेव्हा मोठी ओरड झाली. आम्हांस ती ओरड रास्त वाटते. स्वतः पेरियारांनी आपल्या नावातील जात काढली ती आपल्या हाताने. मेलेल्या माणसाच्या नावास कात्री लावणे ही वेगळी गोष्ट आहे. त्या माणसाने जे नाव लावून काम केले, ज्या नावाने सह्या केल्या, तेच त्याचे नाव.

पण म्हणून सगळाच वाद खोटा ठरत नाही. ते समजण्यासाठी तिरुविडैमरुदूरच्या बाजूस जावे लागते.

तिरुविडैमरुदूरचे संस्कृत नाव मध्यार्जुन. श्रीशैलाचा मल्लिकार्जुन वरचा, तिरुनेलवेलीकडील तिरुप्पुडैमरुदूरचा पुटार्जुन खालचा, आणि हा मधला. तिन्ही ठिकाणचा स्थलवृक्ष अर्जुन. येथील महालिंगस्वामींच्या मंदिरात पूर्वेच्या दाराने आत गेलेला भाविक त्याच दाराने परतत नाही, कारण वरगुण पांड्याच्या पाठीस लागलेली ब्रह्महत्या त्या दाराशी वाट पाहत बसली आहे, अशी समजूत आहे. मराठी इतिहासात हे गाव येते ते तंजावरच्या अमरसिंहामुळे. १७८७ पासून राज्य करणाऱ्या अमरसिंहास कंपनीने १७९८ साली पदच्युत केले आणि सरफोजींस गादीवर बसविले. अमरसिंह तनखा घेऊन येथे राहण्यास आला व त्याने आपला लहानसा दरबार येथेच मांडला. राज्य गेले होते, गाणे राहिले. घनम् कृष्ण अय्यर यांच्यासारखे गायक ह्या दरबारच्या आश्रयास होते. आणि ह्याच घराण्याच्या पदरी असलेल्या रामदास नामक हिंदुस्थानी गायकाकडे गोपालकृष्ण भारती शिकले. हे भारती म्हणजे 'नंदनार चरित्रम्' ह्या आख्यानकाव्याचे कर्ते. चिदंबरच्या नटराजाचे दर्शन घेण्याची आस धरलेल्या एका अस्पृश्य शेतमजुराची ती कथा. तिच्या स्वरांत आपल्या पडत्या राजघराण्याच्या मिठाचा अंश आहे, ही गोष्ट तंजावरच्या आपल्या इतिहासांत क्वचितच कोणी सांगतो.

तिरुविडैमरुदूरजवळच तिरुविसनल्लूर आहे. १६९३ साली शहाजी राजांनी, म्हणजे एकोजींच्या पुत्राने, हे गाव चाळीसहून अधिक विद्वानांस अग्रहार म्हणून दिले, आणि गावास आपले नाव दिले : शहाजीराजपुरम्. तेव्हा पाटी बदलण्याचा हा खेळ आपणही खेळलो आहोत. पुढे प्रतापसिंह राजांच्या काळी नीडामंगलम्‌चे यमुनांबाळपुरम् झाले. सरफोजींनी १८०२ च्या सुमारास ओरत्तनाडूस मुक्तांबाळच्या नावाने छत्र बांधविले आणि गाव मुक्तांबाळपुरम् म्हणून कागदोपत्री चढले. दानपत्रे झाली, शिक्के झाले. आज बसच्या पाटीवर काय आहे? तिरुविसनल्लूर, नीडामंगलम्, ओरत्तनाडू. शहाजीराजपुरम् हे नाव संस्कृतच्या अभ्यासकांस ठाऊक आहे आणि आमच्यासारख्या हौशी लोकांस. तेथील शेतकऱ्यास ते ठाऊक असण्याचे कारण नाही. त्या खेड्यांच्या मूळच्या रहिवाशांस त्या वेळी कोणी विचारले होते काय? निदान आजचा शासकीय आदेश लोकमत घ्या असे तरी म्हणतो.

आणि अग्रहार म्हणजे तरी काय? जातीवर आखलेला रस्ताच तो. त्या शहाजीराजपुरातील विद्वानांत रामभद्र दीक्षित होते, तसे श्रीधर वेंकटेश होते, ज्यांस लोक अय्यावाळ म्हणतात. नित्य महालिंगाच्या दर्शनास तिरुविडैमरुदूरला जाणारा हा सत्पुरुष. त्याची आख्यायिका अशी : वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी दाराशी एक भुकेला अंत्यज आला. ब्राह्मण अजून जेवायचे होते. अय्यावाळांनी ते अन्न त्यास वाढले. अग्रहार खवळला. गंगास्नान करून या, मगच श्राद्धास बसू, असा निर्णय झाला. कोठे काशी आणि कोठे कावेरी! अय्यावाळांनी गंगेचा धावा केला आणि घरच्या आडातून गंगा उसळून गल्लीत वाहू लागली. त्या आडाच्या पाण्याने स्नान करण्यासाठी दरवर्षी कार्तिकै महिन्याच्या अमावास्येस आजही माणसांची रीघ लागते. राजाने दिलेले नाव त्या गावास चिकटले नाही. पण गावकीने एका भुकेल्यासाठी एकास वाळीत टाकले, ही आठवण मात्र तीन शतके टिकली.

ज्यांच्या वस्तीस गावकुसाबाहेरची चेरी म्हणत, आणि पुढे सरकारी कागदांत 'कॉलनी' म्हणत, त्यांस आपला पत्ता सांगताना काय वाटत असेल, हे अग्रहारात वाढलेल्या आम्हां लोकांस कळण्यास उशीर झाला. पत्ता सांगितला की जात सांगितली. नोकरीच्या अर्जावर, शाळेच्या दाखल्यावर, भाड्याच्या घराच्या चौकशीत तेच. एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत 'कॉलनी' हा शब्द सरकारी कागदपत्रांतून काढण्याची घोषणा केली, त्यामागे हेच कारण होते. महाराष्ट्राने हे पाऊल आधी टाकले होते : डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा अशी वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतिनगर अशी नावे देण्याचे ठरविले. त्या वेळी आपल्यापैकी कोणी 'महारवाडा' हे ऐतिहासिक नाव आहे, ते जतन करावे, असे पत्रक काढल्याचे आम्हांस स्मरत नाही.

म्हणून डबीर वीथीसाठी अर्ज करावयाचा असेल, तर तो कोणत्या तोंडाने करावा ह्याचा विचार आधी व्हावा. 'आमच्या नावांस हात लावू नका' एवढाच त्याचा मजकूर असेल, तर आम्ही त्यावर सही करणार नाही. एखाद्या व्यक्तीचे पूर्ण नाव, एखादे पदनाम, एखाद्या घटनेचे स्मरण ज्या नावात आहे, ते राहावे. समूहास ओळखण्यासाठी, बहुधा दूर ठेवण्यासाठी, जे नाव पडले ते त्या समूहास नको असेल तर जावे. आणि नको की हवे हे त्या गल्लीत राहणाऱ्यांनी सांगावे, असे आमचे मत आहे. ह्या हिशेबाने डबीर राहतो, माधवराव अखंड राहतात, रेड्डीरायरांचे तळेही त्यांचेच राहते. आणि उद्या एखाद्या गावच्या लोकांस 'अग्रहारम्' हा शब्द पाटीवर नको झाला, तर आम्हांस तक्रार करण्याचा अधिकार उरत नाही. आमच्याच मंडळातील काही वडीलधाऱ्यांस हे मत रुचणार नाही, याची जाणीव आहे. त्यांचे म्हणणे असे की, परमुलखात अल्पसंख्य असलेल्या समाजाने एकेक शब्द धरून ठेवला नाही, तर पुढील पिढीस आपण येथे होतो याचा पुरावाच राहणार नाही. ह्या भीतीत तथ्य आहे. ज्यांच्या घरात मराठी तीन-साडेतीन शतके तमिळ व तेलुगू यांच्या शेजारात टिकली, त्यांची ती भीती आहे. ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही.

परंतु पुरावा पाटीवरच असला पाहिजे असे नाही. कुंभकोणम्, तिरुविडैमरुदूर, तंजावर येथील जुन्या गल्ल्यांची नावे, ती कशावरून पडली, घरोघरीच्या जुन्या खरेदीखतांत व पत्रांत ती कशी लिहिली आहेत, हे आता तरी टिपून ठेवावे. तंजावरात मानंबुचावडी आहे; त्यातील चावडी आपणांस कळते, आणि पूर्वभाग महानवमीशी जोडला जातो, हे सांगणारी माणसे आता थोडी उरली. मंडळाच्या पुढील वर्षांच्या कामांत हे एक काम धरावे अशी आमची सूचना आहे. त्यासाठी शासनाच्या परवानगीची वा न्यायालयाच्या निर्देशाची वाट पाहावी लागत नाही. एक वही आणि वृद्धांच्या घरी जाण्याची सवड पुरते.

तिरुविडैमरुदूरला गेलात, तर महालिंगस्वामींच्या मंदिरात एक पितळी दीपलक्ष्मी अवश्य पाहावी. हातात पणती घेतलेली ही मूर्ती आपल्या राजघराण्यातील एका स्त्रीची आहे. अमरसिंहाचा पुत्र प्रतापसिंह याच्याशी आपला विवाह व्हावा म्हणून तिने महालिंगास लक्ष दिव्यांचा नवस केला होता. तो फळास आल्यावर तिने लक्ष दिवे लावले आणि त्यांतला एक म्हणून ही स्वतःची मूर्ती उभी केली. तिचे नाव, अम्मुनु अम्मणी, मूर्तीच्या पायाशी तमिळ लिपीत कोरलेले आहे. पूर्वेच्या दाराने आत जावे, ते वाचावे, आणि परतताना दुसऱ्या दाराने बाहेर पडावे.